‘थेट गाठीवर वार’ म्हणे! आधी रक्ताला तर विचारा

दर दोन-चार महिन्यांनी एक बातमी फिरत येते. ‘नॅनोकणांचा कॅन्सरच्या गाठीवर थेट वार, बाकी शरीराला धक्का नाही!’ खाली हात जोडलेले इमोजी आणि पेशंटच्या घरच्यांचा प्रश्न : कुठे मिळेल हो हे? मला या बातम्यांची चीड येते. का, ते सांगतो.

प्रयोगशाळेच्या बाटलीतला कण रक्तात तसाच राहत नाही. सोन्याचा असो, लोहाच्या ऑक्साइडचा असो की क्वांटम डॉट, रक्तात शिरला की काही क्षणांत त्याला प्रथिनं चिकटायला लागतात. एसटी लागल्यावर उडते तशी झुंबड! आधी अल्ब्युमिनसारखी मुबलक प्रथिनं जागा धरतात, मग ज्यांची पकड घट्ट ती त्यांना उठवून बसतात. या थराला २००७ साली डॉसन आणि लिन्स यांच्या गटाने ‘प्रोटीन कोरोना’ म्हटलं. (त्या विषाणूचा इथे काही संबंध नाही.)

आता मुद्दा. पेशीला कण दिसतच नाही, दिसतो तो हा थर. कणावर गाठीचा ‘पत्ता’ म्हणून लावलेला रेणू त्याखाली झाकला जातो. २०१३ मध्ये ट्रान्सफेरिन लावलेल्या कणांचं नेमकं हेच झालं : रक्तद्रवातली प्रथिनं चिकटली आणि कण पत्ता विसरले. बरेचसे कण यकृत आणि प्लीहाच गिळतात. आधीच्या दहा वर्षांतले, मुख्यतः उंदरांवरचे प्रयोग २०१६ मध्ये तपासले, तेव्हा गाठीपर्यंत पोचलेल्या डोसचं मध्यक प्रमाण निघालं ०.७ टक्के. हजारात सात! याला ‘थेट वार’ म्हणायचं?

विज्ञान खोटं आहे असं मी म्हणत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या पॅटिसिरानचे मेदकण रक्तातलं एपोई हे प्रथिन अंगावर घेऊनच यकृताच्या पेशीत शिरतात. ज्यांनी प्रथिनांचा हिशोब धरला, त्यांचं औषध झालं. बातमीवाले मात्र हा हिशोबच गाळतात.

म्हणून पुढची बातमी शेअर करण्याआधी तीन प्रश्न विचारा. प्रयोग बशीत झाला, उंदरात की माणसात? बशीत असेल तर रक्तद्रव होता का? गाठीपर्यंत किती पोचलं?

उत्तर नसेल तर फॉरवर्ड करू नका. पलीकडे कुणीतरी चालू केमो सोडायच्या विचारात बसलेलं असतं.