लाजेखाली दडलेली खाज



पाळी गेलेल्या बायका एकमेकींजवळ गुडघेदुखीचे बोलतात, साखरेचे बोलतात, सुनेचेही बोलतात. पण रात्री दिवा मालवल्यावर लघवीच्या जागी जी खाज सुटते, तिच्याविषयी सख्ख्या बहिणीजवळही बोलत नाहीत. एकाच खोलीत मुलगा, सून, नातवंडे झोपलेली. धड खाजवायचीही सोय नाही. पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही आणि सकाळी पुन्हा कामावर हजर व्हायचे. अशी दहा-दहा वर्षे काढलेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. आजचे सदर त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या घरच्या माणसांसाठीही आहे.

या जागी खाज येण्याची कारणे पुष्कळ. बुरशी होते, अंगावरून पांढरे जाते, रक्तातली साखर वाढलेली असते, साबण सोसत नाही. पण औषधे करूनही जी खाज वर्षानुवर्षे परत येते, जिच्याबरोबर कातडी पांढरी पडत जाते, तिच्यामागे एक वेगळा त्वचारोग असू शकतो. डॉक्टर त्याला 'लायकेन स्क्लेरोसस' म्हणतात. नाव अवघड आहे, पण ते कागदावर लिहून ठेवा. १८८७ साली आलोपो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने या रोगाचे वर्णन केले. म्हणजे रोग जुना आहे, आणि त्याला औषधही आहे. आपल्यापर्यंत पोहोचत नाही ती फक्त माहिती.

हा रोग कसा ओळखावा?

हा कातडीचा रोग आहे, गर्भाशयाचा नव्हे. तो योनीच्या बाहेरच्या भागावर, ओठांवर आणि अनेकदा खाली गुदद्वाराभोवतीही होतो. योनीच्या आतल्या भागात तो सहसा जात नाही. तिथली कातडी पांढुरकी होते, लसणाच्या सालीसारखी पातळ आणि सुरकुतलेली दिसते. थोड्या घर्षणानेही चिरा पडतात, कातडीखाली रक्ताचे लाल-जांभळे डाग उमटतात. लघवी लागली की झोंबते, संडासला बसताना चिरते, नवऱ्याजवळ जाणे नकोसे होते. खाज रात्री जास्त. काही बायकांना खाज अजिबात येत नाही, तरी रोग आत चालूच असतो.

उपचार न करता वर्षे गेली की योनीचे लहान ओठ झिजून सपाट होतात, कातडी एकमेकीला चिकटते आणि योनीचे तोंड अरुंद होते. एकदा चिकटलेली कातडी औषधाने पुन्हा सुटत नाही. म्हणून लवकर दाखवणे महत्त्वाचे.

पांढरी कातडी पाहून पहिली शंका येते ती कोडाची. कोडात फक्त रंग जातो. कातडी जशीच्या तशी मऊ राहते आणि सहसा खाजत नाही. या रोगात कातडी पातळ होते, खाजते, फाटते. कोड असले तरी त्यात लाजण्यासारखे काही नाही, पण दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, म्हणून डॉक्टरांनीच पाहायला हवे.

हा रोग कशामुळे होतो?

शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा चुकून आपल्याच कातडीवर उलटते, असे डॉक्टर मानतात. म्हणूनच या बायकांमध्ये थायरॉइडचे दुखणेही अधिक आढळते आणि डॉक्टर त्याची तपासणी सांगतात. पाळी गेल्यानंतरच्या वयात हा रोग जास्त दिसतो. वयात न आलेल्या मुलींनाही होतो. पुरुषांनाही शिश्नाच्या टोकाला होऊ शकतो.

हा रोग संसर्गाने होत नाही. नवऱ्याकडून येत नाही, नवऱ्याला लागत नाही. एका बादलीत कपडे भिजवल्याने किंवा सार्वजनिक संडासात गेल्याने होत नाही. अस्वच्छतेमुळेही होत नाही. करणी, बाधा, मागच्या जन्मीचे पाप यांचा इथे काहीएक संबंध नाही. गंडेदोरे आणि अंगारा यांवर घालवलेला पैसा वाया जातो आणि त्याहून वाईट म्हणजे वेळ वाया जातो.

दुकानातले मलम का नको?

आमच्या ओळखीच्या एका मावशी धुणीभांडी करतात. आठ वर्षे त्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानातून 'खाजेची ट्यूब' आणत होत्या. दुकानदाराला जागा कोणती हे त्या सांगत नसत, तोही विचारत नसे. चार दिवस बरे वाटे, महिन्याने खाज दुप्पट होऊन परत येई. अशा ट्यूबमध्ये बहुधा तीन औषधांचे मिश्रण असते : बुरशीचे, जंतूंचे आणि स्टेरॉइड. पुढे मावशी त्वचारोग विभागात गेल्या, तेव्हा डॉक्टरांनीही स्टेरॉइडचेच मलम दिले. मावशी म्हणाल्या, "मग मी आठ वर्षं दुसरं काय लावत होते?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर असे. खाज बुरशीची असेल तर नुसते स्टेरॉइड बुरशीला खतपाणी घालते आणि नायटा मांडीवर पसरतो. खाज या रोगाची असेल तर मिश्रणातली बाकीची औषधे निरुपयोगी, वर झोंबणारी. आणि खाज थांबली की बाई ट्यूब बंद करते, तर रोग खाली तसाच राहतो. औषध कोणते, किती आणि किती दिवस, हे तपासल्याशिवाय ठरत नाही.

आणखी एक गोष्ट बजावून सांगतो. 'पिशवी काढली की सगळे बंद होईल' असे कोणी म्हणाले तर थांबा. गर्भाशय काढल्याने बाहेरच्या कातडीचा हा रोग जात नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया किती झाल्या आणि का झाल्या, याची चौकशी २०१९ साली राज्य सरकारला करावी लागली, हे आपण विसरू नये.

डॉक्टर काय देतात?

बहुतेक वेळा अनुभवी डॉक्टर पाहूनच रोग ओळखतात. शंका असली तर ती जागा बधिर करून कातडीचा छोटा तुकडा तपासायला घेतात. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही.

मुख्य औषध म्हणजे क्लोबेटासोल नावाचे जोरदार स्टेरॉइडचे मलम. रूढ पद्धत अशी : पहिला महिना रोज रात्री एकदा, दुसरा महिना एक रात्र सोडून एकदा, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा. त्यानंतर कातडी कशी आहे ते पाहून डॉक्टर पुढचे ठरवतात. बऱ्याच जणींना आठवड्यातून एक-दोनदा लावणे कायम चालू ठेवावे लागते. खाज काही आठवड्यांत कमी होते. पांढरेपणा मात्र पूर्ण जाईलच असे नाही. रोग मुळापासून जात नाही, पण रक्तदाबासारखा ताब्यात राहतो.

मलम किती घ्यावे? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. त्याहून जास्त लागत नाही. बऱ्याचदा त्याच्या निम्मेही पुरते. ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने सहज जाते. तुपासारखे चिकट मलम चांगले, पांढरे क्रीम चिरांवर झोंबते. आरसा खाली धरून पांढरी जागा नीट पाहावी आणि तिथेच लावावे. आपलाच देह आहे, तो पाहण्यात पाप नाही.

ट्यूबच्या कागदावर 'नाजूक जागी लावू नये' असे छापलेले असते. घरातले शिकलेले पोर ते वाचून दाखवते आणि बाई घाबरून औषध सोडते. असे करू नका. या रोगासाठी हे मलम त्या जागी लावण्याचा अनुभव जगभर मोठा आहे आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वापरले तर ते सुरक्षित आहे. पण तीच ट्यूब चेहऱ्याला किंवा मांडीला लावू नये आणि शेजारणीलाही देऊ नये.

घरी काय करावे?

• त्या जागी साबण, डेटॉल, फिटकरीचे पाणी, हळद, लिंबू काहीही लावू नका. कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवा. कढत पाण्याने क्षणभर बरे वाटते, मग खाज वाढते.
• घासून पुसू नका. सुती कापडाने टिपून घ्या.
• साधे, वास नसलेले व्हॅसलीन दिवसातून दोन-तीनदा लावा. लघवीला जाण्यापूर्वी लावले तर झोंबत नाही. स्टेरॉइडचे मलम आणि व्हॅसलीन यांच्यात अर्ध्या तासाचे अंतर ठेवा.
• चड्डी सुती आणि सैल असावी. नायलॉनची नको. धुताना साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा. रात्री चड्डी न घालता झोपले तर उत्तम.
• घामाने किंवा लघवीने ओले झालेले कापड लगेच बदला. खोकताना-शिंकताना लघवी सुटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्या ओलीने हा रोग चिघळतो.
• नखे कापलेली ठेवा. खाज असह्य झाली तर गार पाण्यात पिळलेले स्वच्छ फडके त्या जागी धरा. बर्फ थेट लावू नका.
• संडासला कडक होऊ देऊ नका. पाणी, पालेभाजी, भाकरी पोटात जाऊ द्या. कुंथल्याने चिरा उकलतात.

लहान मुली

मुलगी शू करताना रडते, संडास धरून ठेवते, सारखा हात तिथे नेते, तर तिला मारू नका, 'घाणेरडी सवय' म्हणू नका. आईने प्रेमाने एकदा पाहावे. या रोगात मुलीच्या कातडीवर रक्ताचे डाग दिसतात आणि कोणीतरी वाईट वागले की काय अशी शंका येते. ती शंका दाबूनही ठेवू नका आणि घाईने कोणावर आळही घेऊ नका. मुलीशी शांतपणे बोला, डॉक्टरांना दाखवा आणि शंका त्यांच्यापाशी स्पष्ट बोलून दाखवा. दोन्ही गोष्टींचा शोध घेता येतो.

बंधूंनो, हे तुमच्यासाठी

बायको जवळ येऊ देत नाही म्हणून संशय घेण्यापूर्वी, चिडण्यापूर्वी, तिला दुखते का ते विचारा. फाटलेल्या कातडीला हात लागला की काय होते, हे कारखान्यात हाताला जखम झालेल्या माणसाला सांगायला नको. उपचार चालू असताना धीर धरा. पुढे कोरडेपणा वाटत असेल तर खोबरेल तेल चालते, मात्र निरोध वापरत असाल तर तेल नको, रबर फाटते. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणावर डॉक्टर वेगळे क्रीमही देतात. आणि दवाखान्यात तिच्याबरोबर जा. रजा पडेल, मजुरी बुडेल, पण एका दिवसाची.

कर्करोगाची भीती

ही गोष्ट लपवून चालणार नाही. या रोगात, विशेषतः उपचार न घेतलेल्या बायकांमध्ये, शंभरात पाचांहून कमी जणींना त्या जागी कर्करोग होऊ शकतो. आता दिलासा देणारी बाजू ऐका. ऑस्ट्रेलियात ५०७ स्त्रियांवर अनेक वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. सांगितल्याप्रमाणे नियमित मलम लावणाऱ्या ३५७ जणींपैकी एकीलाही कर्करोग किंवा त्याची पूर्वस्थिती झाली नाही. मलमात खंड पाडणाऱ्या १५० जणींपैकी सातजणींना झाली. म्हणजे ती छोटी ट्यूब फक्त खाज मारत नाही.

म्हणून बरे वाटले तरी वर्षातून एकदा दाखवून या. आणि गाठ लागली, कातडी जाड-कडक झाली, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम झाली किंवा तिथून रक्त येऊ लागले, तर वर्षाची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात जा.

कुठे जावे?

मुंबईत केईएम, नायर, सायन, जे.जे.; पुण्यात ससून; नागपुरात मेडिकल आणि मेयो; छत्रपती संभाजीनगरला घाटी. या सर्व ठिकाणी त्वचारोग विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. स्त्री डॉक्टर हव्यात असे सांगण्याचा संकोच नको. नसतील तर तपासताना सिस्टरला जवळ थांबायला सांगा. तोंडाने सांगणे जड जात असेल तर चिठ्ठीवर लिहून न्या : 'लघवीच्या जागी खाज, किती वर्षे, कातडी पांढरी, कोणती मलमे लावली.' जुन्या ट्यूबा पिशवीत घालून न्या. साखर आणि थायरॉइड तपासायचे का, तेही विचारा.

हे पान वाचून झाले की फाडून टाकू नका, लपवूही नका. सासूने वाचले तर सुनेला द्या, सुनेने वाचले तर सासूला वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही अशा बायकाच हे दुखणे सर्वांत जास्त दिवस सोसत असतात.