जुन्या नावेला नवे एंजिन

या सदराकडे एरवी प्रश्न येतात ते गॅसची शेगडी, पाण्याचा पंप, नाहीतर स्कूटर यांविषयी. दिवाळी अंकासाठी निवडलेला प्रश्न मात्र जरा निराळा आहे. तो आला आहे तळोद्याहून, आणि विषय आहे मोटारबोटीचा!

तळोद्यात बोट कशाला, असे मुंबई-पुण्याच्या वाचकांना वाटेल. सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव जुन्या खानदेशात लाकडाच्या बाजारासाठी आणि बैलगाड्यांसाठी प्रसिद्ध होते. नर्मदा राहिली सातपुड्यापलीकडे. चांदसैलीचा घाट चढून धडगावला जावे आणि तिथून पुन्हा खाली उतरावे, तेव्हा ती दिसते. परंतु सरदार सरोवराच्या धरणाने नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांची ३३ गावे बाधित केली. त्यांतल्या कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी तळोदा भागातील सुमारे ४२०० हेक्टर वनजमीन मोकळी करण्यात आली. त्यामुळे आज निम्मी भावकी तळोद्याकडच्या वसाहतीत, तर निम्मी वर जलाशयाच्या काठी, असे कितीतरी कुटुंबांचे झाले आहे. धरणाचे दरवाजे २०१७ साली बंद झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात पाणी प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला पोहोचले. काठावरच्या पाड्यांचे जुने रस्ते पाण्याखाली गेले. आता बाजार, रेशन, शाळा, दवाखाना, सगळे नावेवर. सरकारी तरंगते दवाखानेसुद्धा या पाण्यावर फिरतात, यावरून काय ते समजावे.

पत्रलेखक शिक्षक आहेत. त्यांच्या भाऊबंदांनी मिळून घेतलेली एक सागवानी नाव आहे. पाण्याला टेकणारी लांबी २५ फूट, माणसे-सामानासह वजन सुमारे ४ टन, आणि एंजिन १० अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, मूळचे शेतातल्या पंपाचे. वारा नसताना नाव ताशी ९ किलोमीटर जाते. समोरून वारा सुटला की जागच्या जागी डुलते. गेल्या पावसाळ्यात एका अडलेल्या बाईला पलीकडे नेताना एक तासाच्या वाटेला अडीच तास लागले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण पुन्हा असा प्रसंग नको, म्हणून सर्वांनी वर्गणी जमवली आहे. प्रश्न असा : ४० अश्वशक्तीचे, मागे टांगायचे पेट्रोल एंजिन घ्यावे, जुन्या जीपचे डिझेल एंजिन बसवावे, की नावेसाठीच बनवलेले २० अश्वशक्तीचे डिझेल घ्यावे? तरुण मंडळींचे मत अर्थातच चाळीसच्या बाजूने आहे.

मास्तर, तरुणांना आधी एक छोटे गणित घाला. तुमची नाव पाणी बाजूला सारत चालते. अशी नाव पुढे सरकताना स्वतःची एक लाट उठवते. वेग वाढेल तशी लाट लांबते आणि अखेर नाव तिच्याच खोलगटीत अडकते. पुढे जायचे म्हणजे जणू पाण्याचा चढ चढायचा. ही मर्यादा काढण्याची रीत सोपी आहे. पाण्यातील लांबीचे फुटांत वर्गमूळ काढा आणि त्याला अडीचाने गुणा. २५ चे वर्गमूळ ५. पाच अडीचे साडेबारा. ताशी साडेबारा किलोमीटर ही तुमच्या नावेची वेस. ती ओलांडायला शक्ती बेसुमार लागते, आणि मिळते काय? वर आलेले नाक, पाण्यात रुतलेले बूड आणि रिकामी टाकी. पाण्यावर उचलून घसरत जाणाऱ्या हलक्या, सपाट बुडाच्या बोटींची गोष्ट वेगळी. चार टनांची सागवानी नाव काही उचलली जायची नाही.

मर्यादेच्या आतही शक्ती दुप्पट केल्याने वेग दुप्पट होत नाही. शक्ती वेगाच्या साधारण घनाप्रमाणे वाढते. दहाची वीस अश्वशक्ती केली, तर वेग सव्वापट होईल, म्हणजे ९ चे ११ किलोमीटर. मग विसाचा फायदा तो काय? फायदा आहे तो वाऱ्याच्या दिवशी. समोरून झोत आला की वेग टिकवायला शिल्लक शक्ती लागते, आणि तुमच्या दहामध्ये ती मुळीच नाही. अशा नावेला टनामागे तीन ते पाच अश्वशक्ती असावी, असा ढोबळ हिशेब आहे. चार टनांना बारा ते वीस. एंजिन निवडायचे ते वाईटातल्या वाईट दिवसासाठी, पण नावेला पेलेल तेवढेच. गाडी एका बैलजोडीची असेल, तर तिला दोन जोड्या जुंपल्याने बाजार लवकर येत नाही. जू मात्र मोडते. तळोद्याच्या माणसाला हे का सांगायला हवे!

मात्र वर्गणीची थैली सोडण्यापूर्वी जुन्या एंजिनाची चौकशी करा. दोष खरोखर त्याचाच आहे ना? नाव काठावर ओढून बूड खरवडा. शेवाळ आणि चिखलाचा थर वेग खातो. लाकूड पाणी पिऊन जड झाले आहे का, तळाशी पाणी साचते का, ते पाहा. मग फेरे मोजण्याचे यंत्र लावून पूर्ण भारानिशी नाव चालवा. एंजिन पाटीवर लिहिलेले फेरे गाठत नसेल आणि काळा धूर ओकत असेल, तर पंखा त्याला जड होतो आहे, किंवा नोझल, फिल्टर आणि सिलिंडरची झीज यांकडे पाहायला हवे. फेरे सहज गाठते पण नाव सरकत नाही, असे असेल तर पंखा अपुरा आहे. पुष्कळदा एंजिनावर घेतलेला आळ पंख्याचा असतो.

पंखा म्हणजे पाण्यात फिरणारा स्क्रूच. लाकडात स्क्रू एका फेऱ्याला आट्याच्या अंतराइतका आत शिरतो. पंख्याचेही तसेच, फक्त पाणी मऊ म्हणून तो थोडा घसरतो. समजा, नव्या एंजिनाचे फेरे मिनिटाला २००० आणि गिअरबॉक्स ते निम्मे करतो. पंख्याला मिळाले १०००. पंख्याचा आटा १२ इंचांचा, म्हणजे फुटाचा, असेल तर मिनिटाला १००० फूट, तासाला सुमारे १८ किलोमीटर. शेकडा चाळीस घसर वजा केली की उरले ११. वरच्या हिशेबातला वेग तो हाच! जड नावेला मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा लागतो, लहान आणि गरगरणारा नव्हे. म्हणून एंजिन, गिअरबॉक्स व पंखा या तिघांची खरेदी एकत्र करा. पंखा बसेल एवढी जागा नावेच्या मागच्या भागात आहे की नाही, हेही आधी मोजा.

आता तीन पर्याय. पेट्रोलचे टांगते एंजिन वजनाला हलके, बसवायला सोपे आणि उथळ पाण्यात वर उचलता येते, हे खरे. पण त्याचा पंखा बहुधा लहान नि वेगवान. चार टनांना तो ढकलील, मात्र पेट्रोल भराभर पिईल. शिवाय पेट्रोलची वाफ हवेहून जड. ती नावेच्या तळाशी साचते आणि एका विडीने भडका उडतो. डबे भरून घाटातून पेट्रोल नेणे हेही काही सुखाचे नाही.

जीपचे एंजिन स्वस्त वाटते, पण स्वस्ताईच्या पोटात खर्च असतो. नावेचा सगळा रेटा पंख्याच्या दांड्यातून एंजिनाकडे येतो. तो झेलणारे बेअरिंग जीपच्या गिअरबॉक्सात नसते. घाटात एंजिन थोडा वेळ ओढते आणि उतारावर दम खाते. नावेत त्याला तासन्‌तास एकसारखे ओढावे लागते. थंड ठेवायला रेडिएटरपुढचा वाराही नाही. हे सारे बदलून घ्यायचे म्हटले, तर नव्याच्या किमतीजवळ जाऊन पोहोचाल.

उरले वीस अश्वशक्तीचे नावेचे डिझेल. आमचा कौल त्यालाच. ते तुमच्या जुन्यापेक्षा किती जड आहे, हे मात्र विचारा. बैठक मजबूत करून वजन मध्याजवळ राहील असे पाहा, नाहीतर मागची कड पाण्याला टेकेल. एंजिन आणि दांडा एका रेषेत बसवणे हे कसबी माणसाचे काम. तिथे दोन पैसे वाचवू नका. थंडाव्यासाठी बाहेरचे गढूळ पाणी आत ओढणारी रचना टाळा. बुडाखाली नळी बसवून तिच्यातून एंजिनाचेच स्वच्छ पाणी फिरवता येते. मग गाळ आत जात नाही. उन्हाळ्यात पाणी उतरले की बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात, तेव्हा पंख्याखाली लोखंडी पट्टीचे रक्षण हवे आणि एक पंखा जादा. दुरुस्ती कोण करील, सुटे भाग कुठे मिळतील, हे एंजिनाच्या किमतीइतकेच महत्त्वाचे. पंपाची एंजिने दुरुस्त करणारा आपला गावचा मिस्त्री खरेदीच्या वेळी बरोबर न्या.

अंतर्देशीय जलयानांचा १९१७ चा कायदा जाऊन २०२१ चा आला आहे, आणि यंत्रावर चालणाऱ्या नावेची तपासणी व नोंदणी त्यात सांगितली आहे. एंजिन बदलण्यापूर्वीच अधिकाऱ्यांना विचारून घ्यावे.

आणि एक गोष्ट तरुणांना बजावून सांगा. जोरदार एंजिन आले म्हणून जास्त माणसे बसवता येत नाहीत. २०१९ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या सणात, धडगाव तालुक्यातील भूषा गावाजवळ गर्दीने भरलेली बोट उलटली आणि तीत माणसे दगावली, लहान मुलेही. एंजिन नावेला ओढते. तारते ते नावेचे लाकूड आणि कडेची उंची. किती माणसे बसायची, तो आकडा नावेवर ठळक रंगवा. चाळीसऐवजी वीस घेऊन जे पैसे उरतील, त्यांतून तेवढीच जीवरक्षक जाकिटे घ्या. दोनचार मुलांच्या मापाची असू द्या.