रेसिडेन्सीची बाग कोणाची?

मलकपेठेत वाढलेल्याला मूसारामबागेचे नाव 'मुसा रेमंड' या फ्रेंच सेनापतीवरून पडले हे कोणी शिकवावे लागत नाही. रेमंड १७९८ साली वारला. त्याच वर्षी त्याच्या पलटणींना हत्यारे खाली ठेवायला लावणारा इंग्रज रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक. त्याने बांधवलेली रेसिडेन्सी चादरघाटचा पूल ओलांडला की कोठीत उभी आहे. तरी आमच्यापैकी कितीजण आत गेले असतील? मुलींचे कॉलेज, आपण कशाला जायचे, असा संकोच. मीही परवा रीतसर परवानगी काढून प्रथमच गेलो.

रुंद पायऱ्या, दोन्ही अंगांना सिंह, वर उंच खांब. पाहून छाती दडपते. ती दडपावी म्हणूनच ते बांधले आहे. पण मी रेंगाळलो तो मागच्या बागेत, त्या प्रासादाच्या लहानशा प्रतिकृतीपाशी. कर्कपॅट्रिकची पत्नी खैरुन्निसा पडद्यात असे. तिला घराची दर्शनी बाजू पाहता येईना, म्हणून त्याने ही करविली असे सांगतात. खरेखोटे इतिहासाच्या प्राध्यापकांनी ठरवावे.

माझी तक्रार निराळी आहे. येणारा पाहुणा ही प्रेमकथा ऐकतो, 'वा!' म्हणतो आणि परततो. १९२४ साली निघालेले महिला कॉलेज १९४९ साली येथे आले. जिला समोरून घर पाहता आले नाही तिच्या अंगणात, त्याच दर्शनी पायऱ्या चढून मुली वर्गात जाऊ लागल्या. ही गोष्ट पहिलीपेक्षा मोठी नाही काय? पुढे इमारत मोडकळीस आली. अलीकडे वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या मदतीने तिची डागडुजी झाली, हे उत्तमच. आता तर महिला विद्यापीठाला, जमिनीसाठी जमीनदाराशी झुंजलेल्या चाकली ऐलम्मांचे नाव मिळाले आहे. रेसिडेंटच्या वाड्यावर परटिणीचे नाव!

म्हणून वाटते, ही बाग दाखवण्याचे काम तेथल्याच विद्यार्थिनींकडे असावे, आणि फुकट नव्हे, मानधन देऊन. अभ्यासात व्यत्यय येईल असे कोणी म्हणेल. रविवार आणि सुट्या आहेतच की! खैरुन्निसेची कथा त्यांनी जरूर सांगावी, पण तेथेच थांबू नये. आपण कोणत्या गावाहून आलो, घरात पहिली पदवीधर कोण, हेही सांगावे.

आपल्या मराठी आणि कन्नड विभागांची सहल दरवर्षी गोवळकोंड्यालाच जाते. यंदा कोठीला जाऊ. बसभाडेही वाचेल.