मधुमेहावर स्टेम सेल : बातमी खरी, पण बिल कोण भरणार?

रायपूरच्या मराठी घरांत मधुमेहाला सहसा 'शुगर' म्हणतात. त्यामुळे मोबाइलवर 'शुगर जड से खत्म' अशी जाहिरात आली की ती आपल्यासाठीच आहे असे वाटते. त्या ओळीपुढे 'स्टेम सेल' असेल आणि पुरावा म्हणून चीनमधल्या बरे झालेल्या रुग्णाची बातमी जोडली असेल, तर विश्वास बसायला वेळ लागत नाही. ती बातमी खोटी नाही, म्हणूनच ती पूर्ण वाचायला हवी.

बातमी काय आहे?

शांघायच्या चांगझेंग रुग्णालयात जुलै २०२१ मध्ये ५९ वर्षांच्या एका रुग्णावर हा प्रयोग झाला. त्याला २५ वर्षांपासून टाइप २ मधुमेह होता. त्याच्याच रक्तातील पेशींपासून प्रयोगशाळेत मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, तयार केल्या गेल्या. त्यांपासून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके वाढवून ते यकृतात सोडले. ११ आठवड्यांनंतर त्याला बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागले नाही आणि पुढे वर्षभरात गोळ्याही थांबल्या. एप्रिल २०२४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

या बातमीतील दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हा एकच रुग्ण आहे. दोन, त्याचे मूत्रपिंड प्रत्यारोपण २०१७ मध्येच झाले होते, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे तो आधीपासून घेत होता. अशी औषधे न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात या पेशी किती टिकतील, हे या एका उदाहरणावरून सांगता येत नाही.

जून २०२५ मध्ये अमेरिकी कंपनी व्हर्टेक्सच्या चाचणीचे निष्कर्ष आले. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षभरानंतर इन्सुलिनशिवाय होते. पण ते सर्व टाइप १ चे रुग्ण होते. टाइप १ मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात. टाइप २ मध्ये बहुतेकांच्या शरीरात इन्सुलिन असते, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही. नव्या पेशी घातल्या तरी तो अडथळा आपोआप जात नाही.

भारतात परवानगी कशाला आहे?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताचे कर्करोग, थॅलेसेमिया यांसारख्या ठरावीक आजारांत रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचे प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. इतर आजारांत स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर क्लिनिकल चाचणीतच करता येतो. टाइप २ मधुमेह या 'इतर' गटात येतो.

इथे 'चाचणी' हा शब्द घोटाळा करतो. मराठीत रक्ताचीही चाचणी होते आणि नव्या उपचाराचीही. संमतीपत्रावर 'क्लिनिकल चाचणी' असे लिहिले असेल, तर तपासला जात आहे तो उपचार, आणि तो तुमच्या शरीरावर तपासला जात आहे. गुण येईल की नाही, हे करणाऱ्यालाही अजून ठाऊक नसते.

एकच प्रश्न विचारा : पैसे कोण देणार?

मंजूर चाचणीत प्रयोगाचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नसतो. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नियमांनुसार भरपाई द्यावी लागते. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांत ही तरतूद आहे.

म्हणजे कोणी पॅकेजचा दर सांगत असेल, तर ती मंजूर चाचणी नाही. आणि चाचणी नसेल, तर तो मान्य उपचारही नाही. दागिने मोडण्याआधी एवढे गणित घरात सर्वांना समजावून सांगा.

'आमची सीटीआरआयमध्ये नोंद आहे' असे उत्तर मिळू शकते. सीटीआरआय ही चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही आहे. तिथली नोंद म्हणजे परवानगी नव्हे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची मंजुरी आणि आचारसमितीची मान्यता मागा.

'आयुष्मान कार्डात बसवून देतो' असे कोणी म्हटले, तर तिथेच थांबा. मधुमेहावरील स्टेम सेल उपचार या योजनेत नाही.

योजनेत खरोखर काय मिळते?

• शहीद वीर नारायण सिंह आयुष्मान स्वास्थ्य योजना : छत्तीसगढमध्ये अंत्योदय व प्राधान्य शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत, इतर शिधापत्रिकाधारकांना ५० हजार रुपयांपर्यंत. हे संरक्षण प्रामुख्याने रुग्णालयात भरती झाल्यावर मिळते. रोजच्या गोळ्यांसाठी नाही.
• ७० वर्षे व त्यावरील नागरिक : उत्पन्न कितीही असले तरी आयुष्मान वय वंदना कार्डावर ५ लाख रुपयांपर्यंत.
• ३० वर्षांवरील सर्व : जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात मधुमेह व रक्तदाबाची मोफत तपासणी.
• रोजची औषधे : सरकारी रुग्णालयात विचारा, विकत घ्यायची असल्यास जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात.

तक्रार कुठे करावी?

मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात लोकांसमोर करायला १९५४ च्या औषधी व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पावती जपून ठेवा. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आणि डॉक्टरविरुद्ध छत्तीसगढ मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. पैसे गेले असतील, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. योजनेबाबतच्या माहितीसाठी १४५५५ वर फोन करा.

महत्त्वाचे : 'पेशी कामाला लागतील, आता इन्सुलिन थांबवा' असे कोणी सांगितले, तरी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिन किंवा गोळ्या बंद करू नका. पैशांचे नुकसान कदाचित भरून निघेल. वाढलेल्या साखरेने डोळ्यांचे आणि मूत्रपिंडांचे केलेले नुकसान बहुतेकदा भरून येत नाही.