लक्ष्यांक आणि संमती

ऑगस्ट २०२५ मध्ये डेन्मार्कच्या पंतप्रधान मेट्टे फ्रेडरिक्सन यांनी ग्रीनलंडमधील मूळनिवासी स्त्रियांची जाहीर क्षमा मागितली. १९६० नंतरच्या काळात तेथील हजारो स्त्रियांच्या, किंबहुना शाळकरी मुलींच्याही शरीरात त्यांच्या संमतीवाचून गर्भरोधक साधने बसविण्यात आली होती. ग्रीनलंडचा वसाहतीचा दर्जा १९५३ सालीच संपला होता. वसाहतीची दृष्टी मात्र कायम राहिली.

ही दृष्टी भारताला अपरिचित नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी ज्या हेलीबरीच्या महाविद्यालयात तयार होत, तेथे अर्थशास्त्र शिकवीत असे माल्थस. दारिद्र्याचे मूळ गरिबांच्या संततीत शोधण्याच्या सवयीला त्याच्या सिद्धान्ताने मोठे बळ दिले. तथापि, नसबंदीची देशव्यापी मोहीम परक्या सरकारने नव्हे, तर स्वतंत्र भारताच्या शासनाने चालविली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये संमतही केले; राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने तो कायदा झाला नाही.

कायदा नसतानाही सक्ती झाली, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. तिचे साधन होते लक्ष्यांक. शिक्षक, कारकून, तलाठी यांना ‘केसेस’चे आकडे नेमून दिले जात आणि आकडा भरला नाही तर पगार अडे. हुकूम वरून निघे. गरिबाच्या दारात उभे राहत ते ओळखीचे गुरुजी. स्वतःची नोकरी वाचविण्यासाठी एका दुर्बलाने अधिक दुर्बलाला गाठावे, अशी ही रचना होती.

१९७७ च्या निवडणुकीने राज्यकर्त्यांना धडा दिला, पण तो अर्धवटच गिरविला गेला. पुरुषांची नसबंदी मागे पडली आणि भार स्त्रियांवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आढळले. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. तेथील शिबिरांनंतर तेराहून कमी नव्हे इतक्या स्त्रिया दगावल्या. त्यांत बैगा आदिवासी स्त्रीही होती. बैगांची नसबंदी करू नये, असा आदेश १९७९ पासून असताना हे घडले. उलट, ज्या बैगा स्त्रियांना शस्त्रक्रिया हवी होती, त्यांना त्याच आदेशावर बोट ठेवून ती नाकारली जाई. दोन्हीकडे निर्णय दुसऱ्यांचाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले.

अर्थशास्त्र निवडीचे स्वातंत्र्य गृहीत धरते. परंतु नकार परवडेल त्यालाच निवड असते. वडगाव मावळच्या तालुका कचेरीपासून डोंगराकडे गेले की कातकरी व ठाकर वस्त्या लागतात. वीटभट्टीची उचल फेडण्यासाठी वर्षातले कित्येक महिने घराबाहेर काढणाऱ्या कातकरी स्त्रीपुढे एखादा कागद येतो, तेव्हा तिच्या अंगठ्याला संमती म्हणावयाचे काय? तिला तिच्या भाषेत सारे समजले काय, तात्पुरती साधने दाखविली काय, आणि ‘नको’ म्हटल्यास तिचे काही अडणार नाही, याची हमी कोणी दिली काय?

या प्रश्नांची उत्तरे नोंदवहीत लिहिणारा हात बहुधा शिक्षकाचा, कारकुनाचा वा आरोग्यसेविकेचाच असतो. आकडा भरण्यापूर्वी तो हात क्षणभर थांबला, तर पन्नास वर्षांनी कोणत्याही पंतप्रधानाला क्षमा मागण्याची वेळ येणार नाही.