झाडं मुलींनी, वायरिंग मुलांनी?

"काकू, गाडी मी चालवू?" आमच्या सुट्टीतल्या गटातल्या नववीच्या मुलीने विचारलं आणि मी कामाच्या गडबडीत म्हणून गेले, "अगं, ते मुलं बघतील. तू आपली झाडांचं बघ." ती काही बोलली नाही. खाली मान घालून हिरवा भुसा चिकटवत बसली. रात्री भांडी लावताना ते वाक्य मला आठवलं आणि हात थांबला. महिला मंडळांत जाऊन मुलगा-मुलगी समान यावर बोलणारी मीच का ती?

झालं असं, की आमच्या बुधवार पेठेतल्या वाड्यात दर मे महिन्यात आसपासच्या गल्ल्यांतली मुलं जमवून आम्ही काहीतरी उद्योग काढतो. कधी मातीकाम, कधी नाटुकलं. गेल्या मे महिन्यात मुलांना कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम दाखवायला नेलं. भाऊसाहेब जोशी यांनी हौसेपोटी उभं केलेलं आणि १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झालेलं हे छोटंसं गाव मी पूर्वीही पाहिलं होतं. सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, टांगती गाडी, दिवे मालवल्यावर लुकलुकणारं शहर, सगळं आहे तिथे. या कायमच्या म्युझियमाआधी भाऊसाहेबांनी एक फिरतं मॉडेल केलं होतं आणि ऐंशीच्या दशकात पुण्यात, मुंबईत, सोलापुरात ते दाखवलं होतं. दर वेळी सगळं सोडवायचं, न्यायचं, पुन्हा जोडायचं. ज्या बाईने बदलीच्या नोकरीत संसार हलवलाय तिला हे वेगळं सांगायला नको.

बसमध्येच मुलांनी ठरवलं, आपणही करायचं. पण वाड्यात जागा कुठे? तेव्हा एकाने फळ्यांची युक्ती शोधून आणली. ही युक्ती जगात जुनी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या हौशी मंडळींनी सत्तरच्या दशकात ती रूढ केली, युरोपात तर १९८१ पासून त्यासाठी मोठी संघटनाच आहे. अख्खं मॉडेल एकाच्या घरी करायचं नाही. प्रत्येकाने आपापल्या घरी एकेक फळी करायची आणि ठरल्या दिवशी आणून जोडायची. नियम फक्त टोकांना. जमिनीपासून उंची सारखी, रूळ कडेपासून ठरल्या अंतरावर, टोकाला अगदी काटकोनात आणि वायरींचे रंग ठरलेले. मधल्या जागेत कुणी डोंगर करा, कुणी बाजार करा, दुसऱ्याने नाक खुपसायचं नाही. (एकत्र कुटुंबात एवढे स्वच्छ नियम कुणी घालून दिले असते तर!)

आम्ही चार फूट लांब, दीड फूट रुंद अशा पाच फळ्या केल्या. इंजिन, डबे, रूळ हे आम्हाला परवडणारं नव्हतं. पण वाड्यातल्या एका आजोबांच्या माळ्यावर त्यांच्या मुलाने लहानपणी हट्टाने घ्यायला लावलेला सेट पडून होता. मुलगा आता परदेशातच असतो. आजोबांनी खोका पुसून दिला आणि रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसायला लागले.

हा सेट मूळ मापाच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचा. म्हणजे सव्वापाच फुटांची बाई दोन सेंटिमीटरचीही नाही! खोक्यातली माणसं सगळी कोट-हॅटवाली. त्यांना लोणावळ्याच्या फलाटावर कसं उभं करणार? मग माझ्या सासूबाईंनी तांब्याच्या बारीक तारेवर टिश्यू पेपर गुंडाळून करवंदं विकणारी नऊवारीतली बाई केली, डोक्यावर पाटीसकट. चष्मा लावून, सुईच्या टोकाने. त्या दिवशी त्या जेवायच्या विसरल्या.

मैत्रिणींनो, खरं सांगते, या कामातलं निम्मं आपल्याला आधीच येतं. गौरीपुढे विहीर, शेत, झोपडी मांडणाऱ्या आपणच. चैत्रगौरीची आरास आपली, दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव पेरून हिरवळ उगवणारे हात घरातलेच. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी, म्हणून डोंगर पुठ्ठा आणि कागदाच्या लगद्याचा केला. वाळवलेला चहाचा चोथा ही माती, रांगोळीचे रंग लावलेला लाकडाचा भुसा हे गवत, तुळशीच्या सुक्या काड्या म्हणजे झाडं. रुळांखालची खडी म्हणजे मैद्याच्या चाळणीने चाळलेली वाळू. फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं निम्मं, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे ते वाळूत चटकन मुरतं. ड्रॉपरने सोडायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही.

तिसरी फळी बोरघाटाची. खरा घाट सदतीस फुटांना एक फूट चढतो, म्हणजे आमच्या चार फुटांत सव्वा इंच. पण टोकांची उंची तर बदलता येत नाही! शेवटी रूळ सपाट ठेवले आणि फळी कापून खाली दरी केली. गाडी उंचावरून चालल्यासारखी दिसते, एवढं पुरे.

या घाटाची एक गोष्ट मी मुलांना सांगितली. तिथलं काम घेतलेला इंग्रज कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने, गाशा गुंडाळला नाही. अनुभवी इंजिनीअर हाताशी धरून तिने कंत्राट पुढे चालवलं आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. हजारो मजूर राबले, त्यांत पाट्या वाहणाऱ्या आपल्या बायकाही होत्या. त्यांची नावं कुठेच नाहीत. आणि त्याच घाटातून ८ मार्च २०११ रोजी साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी डेक्कन क्वीन नेली. १९८९ पासून रेल्वेत, २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत, २०२५ मध्ये निवृत्त. हे सगळं मी रंगवून सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी त्या मुलीला म्हणाले, तू झाडांचं बघ.

फळ्या जोडायचा दिवस आला. वाड्याच्या चौकात स्टुलं, टेबलं लावून वीस फुटांची लांबण झाली. गाडी सुटली, पहिली फळी, दुसरी फळी, आणि तिसऱ्या फळीच्या सांध्यावर सगळंच बंद. उचलून पलीकडे ठेवली की चालायची. सांध्यावर आली की बंद. मुलांनी रूळ घासले, फळी हलवली, एकमेकांवर ओरडून झालं. ही बया गवताचा डबा खाली ठेवून टेबलाखाली शिरली आणि आतूनच म्हणाली, "लाल आणि काळी उलट लागलीय. फळी उलटी करून वायरिंग केलंत ना? उलटी केल्यावर डावं उजवीकडे जातं."

आमच्या सासूबाई खो खो हसल्या. "दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या शिवल्या म्हणा की!" अस्तराचं ब्लाउज उलटं धरून शिवलेल्या प्रत्येकीला ती चूक ठाऊक आहे. मुलीची आई शिवणकाम करते, हे मला तेव्हा आठवलं.

मी तिच्यावर उपकार केले नाहीत, तिनेच मला खाली बघायला लावलं, हे कबूल करते. पण माझं म्हणणं तिच्यापुरतं नाही. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात जाऊन बघा. तक्त्यावरचं सुंदर अक्षर मुलीचं, बटण दाबणारा हात मुलाचा. विचारलं तर आया म्हणतात, "शॉक बसेल हो." रुळांत बारा व्होल्ट असतात. भिंतीतला प्लग मोठ्यांनी लावावा, हे मुलगा असो की मुलगी, दोघांनाही लागू. आणि सोल्डरिंग आयर्नने भाजेल म्हणाल, तर हीच पोरगी घरी उकळत्या तेलात पुऱ्या सोडते, तेव्हा कुणाला भीती वाटत नाही.

झाडं करणं कमी दर्जाचं, असंही मला म्हणायचं नाही. आमच्या फळ्यांवरची सगळ्यात देखणी करवंदीची जाळी एका सातवीतल्या मुलाने केली. ती त्याने बहिणीच्या नावावर खपवली, कारण मित्र हसतात. त्याचंही मला तितकंच वाईट वाटलं.

पावसाळ्यात फळ्या फुगल्या, दोन सांधे जुळेनासे झाले. ते आता तासून घ्यायचेत. यंदा कर्जतची सहावी फळी करायची आहे, घाट चढवायला मागून जोडायच्या इंजिनांसकट. त्यासाठी ती आणि तिची मैत्रीण परवा तापकीर गल्लीत वायर आणि बारीक दिवे आणायला गेल्या. दुकानदाराने विचारलं, "कुणी पाठवलंय, बाळ? दादाला फोन लावून दे, नक्की काय पाहिजे ते विचारतो." तिने पिशवीतून कागद काढला आणि मापं वाचून दाखवली. दोन दिवे फुटके निघाले, ते बदलून आणायला उद्या पुन्हा जायचंय.