ध्वनीचे शिल्प आणि आमचे बहिरे मांडव

ध्वनीचे मांडणशिल्प हा शब्द उच्चारला की आमच्या मंडळींच्या चेहऱ्यावर एक ठराविक स्मित उमटते. रिकाम्या दालनात चार-दोन ध्वनिक्षेपक टांगावयाचे, त्यांतून घरघर सोडावयाची आणि तिला कला म्हणावयाचे, हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे; आणि भिलाईत तर गोंगाटाला काय तोटा, असा हा आक्षेप आहे. तो घेणारे आमचे स्नेही सुशिक्षित व रसिक आहेत, म्हणूनच त्याचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९५८ साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात ल कॉर्ब्युझिए आणि त्यांचे सहकारी यानिस क्सेनाकिस यांनी फिलिप्स कंपनीसाठी एक मंडप उभारला. एद्गार व्हारेझ यांची सुमारे आठ मिनिटांची रचना शेकडो ध्वनिक्षेपकांतून त्याच्या वक्र भिंतींवरून फिरत असे. हेच कॉर्ब्युझिए त्या काळी आमचे चंदीगढ बांधीत होते. तेव्हा त्यांस कोणी खुळे म्हटले नाही! पुढे बेर्नहार्ड लाइटनर या ऑस्ट्रियन वास्तुविशारदाने १९७५ मध्ये एक आसन घडविले. त्यावर आडवे झाले असता ध्वनी शरीराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो. वीट-चुन्याप्रमाणे ध्वनी हेही बांधकामाचे द्रव्य आहे आणि मनुष्य केवळ कानांनी नव्हे, तर सर्वांगाने ऐकतो, अशी त्यांची धारणा.

ही गोष्ट भिलाईकरांस परदेशी माणसाने शिकवावी, याचेच आम्हांस नवल वाटते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून या गावातील कामगारांनी ध्वनी छातीत आणि तळपायांत ऐकला आहे. आठ तासांच्या पाळीसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल, असे नियम सांगतो. त्या आकड्याचा अर्थ समजून घ्यावयाचा तर निवृत्त कामगाराच्या घरी जावे. तेथे दूरदर्शनचा आवाज शेजारच्या घरापर्यंत पोहोचतो आणि नातवंडांस प्रत्येक वाक्य दोनदा उच्चारावे लागते. ज्या गावाने पोटासाठी आपले कान दिले, त्या गावात ऐकण्याच्या कलेला चैन म्हणावयाचे काय?

राहिला परकेपणाचा मुद्दा. विजापूरच्या गोलघुमटात भिंतीशी केलेली कुजबुज समोरच्या बाजूस स्पष्ट ऐकू येते. (आमचे प्रवासी तेथे जाऊन शिट्ट्या मारतात, कुजबुजून पाहणारा विरळाच.) आणि इतके दूर तरी कशाला जावे? भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई पंडवानी सांगण्यास उभ्या राहिल्या की हातातील तंबुऱ्याची भीमाची गदा होई, आणि मोकळ्या चौकाचे कुरुक्षेत्र होई. बसून सांगण्याच्या वेदमती पद्धतीहून त्यांची कापालिक पद्धत निराळी, ती या शरीराच्या वावरामुळेच. पंडवानी आणि मांडणशिल्प एकच, असे मात्र आम्ही म्हणत नाही. पंडवानीत गायिकेचा देह जागा घडवितो. शिल्पात बहुधा गायक नसतोच. फिरावे लागते ते श्रोत्याला, आणि प्रत्येक पावलागणिक त्याला निराळे ऐकू येते. हे श्रम आमच्या रसिकांस नकोसे वाटतात, आणि त्यांच्या विरोधाचे खरे मूळ आमच्या मते येथेच आहे.

कारण ध्वनिक्षेपकांशी त्यांचे वैर नाही. गणेशोत्सवात हीच मंडळी मांडवाच्या चारी कोपऱ्यांत माणसाच्या उंचीचे ध्वनिक्षेपक रचतात. हेही ध्वनीचे मांडणशिल्पच, फक्त कोणीही न ऐकता केलेले! मूर्तीपुढे, प्रवेशद्वाराशी आणि चपला काढण्याच्या जागी एकच आवाज, तितकाच मोठा. मग मांडवाला आत-बाहेर, जवळ-दूर काही उरतच नाही. २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. ती पाळली जाते काय, हे वाचकांस विचारण्याची गरज नाही. आणि याच मांडवात व्याख्यानास आलेल्या वक्त्याचे शब्द पत्र्याच्या छतावर आदळून विरून जातात, तेव्हा दोष वक्त्याच्या आवाजाला दिला जातो.

आमची मागणी लहान आहे. येथून फार दूर नसलेल्या खैरागढ येथे १९५६ साली स्थापन झालेले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. राजघराण्याने दिलेल्या वाड्यात ते उभे राहिले, आणि आचार्य श्रीकृष्ण रातंजनकरांसारख्या मराठी संगीतज्ञाने आरंभीच्या वर्षांत त्याचे कुलगुरुपद भूषविले. तेथे गायन शिकणारी आणि मूर्तिकला शिकणारी मुले एकाच विद्यापीठात वावरतात. त्यांतील पाच-सहा जणांस आमच्या मंडळांनी उत्सवापूर्वी आठ दिवस आपला मांडव मोकळा करून द्यावा. ध्वनिक्षेपक भाड्याने आणलेलेच असतात. खर्च होईल तो मुलांच्या चहा-जेवणाचा. त्यांनी काय केले ते पाहण्यास, म्हणजे ऐकण्यास, निवृत्त कामगारांस प्रथम बोलवावे, आणि ज्यांस कानांनी कमी ऐकू येते त्यांच्यासाठी ध्वनिक्षेपकांवर एक लाकडी फळी टाकून ठेवावी. तिच्यावर बसून त्यांनी काय ते सांगावे. आमच्या आक्षेपक मित्रांचे म्हणणे आम्ही त्यानंतर ऐकू.